खुशालराव पारखी आणि अंबाडीची जुडी

महालक्ष्म्यांचं जेवण तीन दिवसांवर आलं होतं आणि दुर्गाबाईंच्या पंधरा भाज्यांची व्यवस्था झाली होती. दोडके कोणाच्या मांडवावरचे, धोप्याची म्हणजे अळूची पानं कोणाच्या न्हाणीमागची, कोहळं कोणाच्या छपरावरचं, सगळं ठरलं होतं. सोळावी भाजी तेवढी मिळत नव्हती. ही गोष्ट त्यांनी सकाळी पाणी भरता भरता नवऱ्याच्या कानावर घातली, आणि खुशालरावांना पहिला संशय आला तो तिथेच.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत भाजीपाल्याबद्दल दुर्गाबाईंनी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं.

"मले काहून सांगून राहिली?" त्यांनी विचारलं.

"मंग कोणाले सांगू? अंबाडी नाही भेटत. साऱ्या अमरावतीत नाही."

"अवं, अंबाडी म्हणजे का केशर आहे? बांधावर उगवते ते."

"बांध कुठी राह्यले आता?" दुर्गाबाई म्हणाल्या.

हे खरं होतं. सात समुद्रांपलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला होता. तीन वर्षांत लोकांनी शेतात कापूस पेरला, मग बांधावर पेरला, मग वाडीतला भाजीपाला उपटून तिथे पेरला. एका गृहस्थाने तुळशीवृंदावनाच्या चारी कोपऱ्यांत चार सरक्या टोचल्या होत्या. विचारलं तर म्हणायचा, देवाला वाती लागतात.

खुशालराव स्वतःही या कापसावरच जगत होते. अमरावतीतल्या एका मोठ्या वखारीत ते पारखी होते. गाडी आली की बोजात खांद्यापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस बाहेर काढायचा आणि त्यात दगड, माती, सरकी, पाणी यांपैकी काय भरलं आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. ज्यात काहीच भरलेलं नाही असा बोजा त्यांनी अकरा वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला होता. त्यामुळे समोर माणूस आला की याच्या आत काय असेल, हा विचार त्यांच्या मनात आपोआप यायचा. दूध आलं की ते लोटीत बोट बुडवत. कीर्तनकाराने डोळे मिटले की याला झोप लागली असावी असं त्यांना वाटे. एकदा ते खरंही निघालं होतं.

"मंग पंधराच कर," ते म्हणाले. "महालक्ष्मी का मोजाले बसते?"

"महालक्ष्मी नाही मोजत. तुमचे दादा मोजतीन."

खुशालरावांच्या तोंडातली दातणाची काडी जागच्या जागी थांबली.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ चंद्रभानजी. ते अकोल्याला राहत, वडिलोपार्जित काळी जमीन कसत. अडीच वर्षांपूर्वी माघात त्यांनी आपला कापूस दोन गाड्या भरून भावाच्या वखारीत आणला होता. खुशालरावांनी बोजात हात घातला, बाहेर काढला आणि चारचौघांसमोर म्हणाले, "ओला आहे." पारख्याचं काम त्यांनी केलं. भावाचं काम काय होतं, यावर दोघांची मतं वेगळी पडली. चंद्रभानजींनी गाड्या वळवल्या आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. त्याच साली आईच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटेही वाटले गेले. ज्येष्ठा अकोल्याला राहिली, कनिष्ठा अमरावतीला आली. ज्या दोघी बहिणी आईच्या हयातीत कधी वेगळ्या बसल्या नव्हत्या, त्या आता दोन गावांत एकेकट्या बसत होत्या, आणि दुर्गाबाईंना दर भाद्रपदात कनिष्ठेच्या तोंडाकडे पाहवत नसे.

"दादा येऊन राहिले?" खुशालरावांनी विचारलं. "कोणाले विचारून?"

"जमनावैनीचा निरोप आला कासारणीसंगं. ज्येष्ठेले घेऊन येतात. दोघी एकत्र बसतीन." दुर्गाबाईंनी घागर खाली ठेवली. "पण त्यायनं म्हटलं म्हणते, मायच्या हातच्यासारखी अंबाडीची भाजी पानात असंन तं बसीन. नाही तं उठीन."

खुशालरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साऱ्या वऱ्हाडात अंबाडी नाही हे दादाला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच त्याने अंबाडी मागितली. पानावर बसायचं, इकडेतिकडे पाहायचं, आणि चार पाहुण्यांसमोर ताडकन उठायचं, म्हणजे वखारीतल्या त्या दिवसाची परतफेड झाली. डाव साधा होता. पण तो भरलेल्या बोजात हात घालणाऱ्या माणसाशी खेळला गेला होता.

"आणतो," ते म्हणाले. "अंबाडी मी आणतो."

इथे त्यांच्या हातून एक चूक झाली. वखारीच्या पारख्याने भरबाजारात पालेभाजी मागणं त्यांना कमीपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी ती कानात मागितली.

माणिकबाई माळीण गेली वीस वर्षं चौकाच्या कोपऱ्यावर भाजी विकायची. आता तिच्या टोपलीत चार वांगी होती आणि बाकी जागेत ती स्वतः पाय पसरून बसली होती. खुशालरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि वाकून विचारलं, "अंबाडी आहे का?"

"काय?" माणिकबाई ओरडली.

"हळू बोल. अंबाडी."

माणिकबाईनेही डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कितीक पाह्यजे?"

"एक जुडी."

"एक जुडी?" तिने त्यांना पागोट्यापासून जोड्यापर्यंत न्याहाळलं. "वखारीचे पारखी तुमी. सोता आले. कानात बोलून राहिले. आन एक जुडी?"

"भाजीले पाह्यजे, बाई."

"हाव. भाजीले," माणिकबाई म्हणाली. हे दोन शब्द तिने अशा काही सुरात म्हटले की खुशालरावांना आपणच खोटं बोललो असं वाटलं. "माह्या वाडीत तं कापूस आहे, दादा. पण कोणाजवळ असली तं सांगू का? कोण घेऊन राह्यलं? गोरा साहेब का?"

"कोणीच घेऊन नाही राह्यलं! मले घरी पाह्यजे."

"हाव. घरी."

खुशालराव घरी पोचले तोवर ही बातमी त्यांच्या ओट्यावर येऊन बसली होती. तिच्या शेजारी पंजाबराव बसले होते. पंजाबराव हे त्यांचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. तीन वर्षांपूर्वी घरातला सगळा कापूस विकून ते मोकळे झाले आणि पंधरा दिवसांनी भाव चढला. आपल्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, हे दुःख त्यांनी तेव्हापासून उराशी धरलं होतं. पुढच्या वेळी बातमी आपल्यालाच पहिल्यांदा कळली पाहिजे, एवढ्याच आशेवर ते दिवस काढत होते.

"अंबाडी, अं?" ते म्हणाले.

"भाजीले," खुशालराव म्हणाले.

"बसा." पंजाबरावांनी खुशालरावांच्याच ओट्यावर त्यांना जागा करून दिली. "कापसाच्या गाठी कशानं बांधतात?"

"दोरानं."

"दोर कशाचा?"

खुशालरावांनी कपाळाला हात लावला, कारण दोर अंबाडीच्या वाखाचाच असतो हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"कापूस साऱ्यायनं पेरला," पंजाबराव बोटांवर मोजत म्हणाले. "अंबाडी कोणंच नाही पेरली. दिवाळीनंतर गाठी बांधाले दोर कुठून आणतीन? मी रात्री कुशीवर वळलो न् एकदम ध्यानात आलं. पण तुमाले माह्याआधी ध्यानात आलं. तुमी वखारीतले. तुमाले वरतून समजते."

"पंजाबराव, महालक्ष्मीच्या नैवेद्याले पाह्यजे. एक जुडी. दुर्गाले विचारा."

"वैनी तुमचंच म्हणतीन," पंजाबराव समजूतदारपणे म्हणाले. मग जवळ सरकून हळूच बोलले, "भातकुलीले नत्थुजीच्या बांधावर एक रांग उभी आहे. मी सांगतलं तुमाले. आता तुमी मले सांगा. भाव किती चढन?"

दुसऱ्या दिवशी वखारीतून रजा काढून, वखारीचंच तट्टू मागून घेऊन खुशालराव भातकुलीला निघाले. सहा कोसांत तट्टू तीनदा बसलं. काळ्या मातीचा चिखल अंगरख्याच्या बाह्यांपर्यंत आला. दोन्ही बाजूंना कमरेइतकी कापसाची झाडं उभी होती आणि त्यांत औषधालासुद्धा दुसरा पाला दिसत नव्हता. खुशालरावांना आई आठवली. अंबाडी निवडताना ती देठ मोडून त्याचा चीक बोटाला लागतो का पाहायची. ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ आणि गुळाचा एवढासा खडा. दोघा भावांत भांडण झालं की ती दोघांना एकाच ताटात वाढायची. ही आठवण आपल्याला आत्ताच का यावी, याचाही त्यांना थोडा संशय आला.

नत्थुजी हा बांधावर बसलेला एक वाळका, डोळे बारीक केलेला शेतकरी होता. त्याच्या पाठीमागे लांबलचक बांधभर अंबाडी डोलत होती. पाहूनच खुशालरावांच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं.

"रामराम. एक जुडी अंबाडी द्या," ते म्हणाले. आता लपवायचं नाही असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

"कुठून आले?"

"अमरावतीहून."

"काय काम करता?"

"वखारीत पारखी आहो."

नत्थुजी उठून उभा राहिला आणि अंबाडी आणि खुशालराव यांच्या मध्ये येऊन थांबला. "सहा कोस आले. एका जुडीसाठी."

"भाजीले पाह्यजे. महालक्ष्म्या आहेत."

"माह्या घरीही महालक्ष्म्या आहेत. मी कुठी सहा कोस गेलो का?"

"तुमच्याजवळ अंबाडी आहे!"

"तेच म्हणतो," नत्थुजी म्हणाला. "माह्याजवळ आहे. तुमाले पाह्यजे. मंग ते भारी असंन."

पुढे तासभर बोलणं झालं. खुशालरावांनी महालक्ष्मीची शपथ घेतली, आईची घेतली, आणि प्रत्येक शपथेबरोबर नत्थुजीचे डोळे आणखी बारीक होत गेले. भाजीसाठी माणूस एवढ्या शपथा घेत नाही, हे त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. शेवटी नत्थुजीने एक जुडी खुडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "हे नमुना म्हणून घेऊन जा. साहेबाले दाखवा. बाकीचं मंग बोलू."

खुशालरावांनी नमुना घेतला. कोणत्याही नावाने का होईना, अंबाडी हातात आली होती. ती उन्हाने कोमेजू नये म्हणून त्यांनी उपरण्याखाली धरली, आणि ही दुसरी चूक.

अमरावतीच्या वेशीवर नुकतीच एक चौकी बसली होती. कोणत्या मालाच्या किती गाड्या आत येतात ते लिहून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिथे शालिकराम नावाचे कारकून बसत. समोरून एक चिखलाने माखलेला गृहस्थ उपरण्याखाली काहीतरी छातीशी धरून तट्टाला ओढत येताना दिसला, तेव्हा त्यांनी लेखणी कानावरून काढली.

"उपरण्याखाली काय आहे?"

"काही नाही," खुशालराव म्हणाले.

"हिरवं दिसून राह्यलं."

जुडी बाहेर आली. शालिकरामांनी ती दोन बोटांनी उचलून उजेडात धरली. "नाव?" खुशालरावांनी सांगितलं. "माल?" अंबाडी. "किती?" एक जुडी. "कारण?"

"भाजी."

शालिकरामांनी लेखणी खाली ठेवली. "खुशालराव, मी नऊ वर्षं सरकारची चाकरी करून राह्यलो. सकाळपासून चार जण विचारून गेले, पारखी अंबाडी घेऊन आला का म्हणून. आन तुमी मले भाजी सांगता?"

"मंग काय सांगू?"

"ते तुमी ठरवा. मी तं तुमी म्हणान तेच लिहीन." त्यांनी लिहिलं, 'भाजीकरिता, असे इसम म्हणतो.' मग जुडीला सुतळी गुंडाळली, गाठीवर लाख ओतली आणि शिक्का उमटवला. साहेब दौऱ्यावर होते. ते आल्यावर नमुना पाहतील, आणि मग जुडी परत.

"साहेब कवा येतीन?"

"परवा."

"परवा महालक्ष्म्या जेवतात!"

"मंग उद्याच येजा, साहेब याच्या आधी. मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी घरात कनिष्ठा बसायची होती. दुर्गाबाईंनी चौरंग मांडले, दोन मांडले, आणि संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत राहिल्या. अकोल्याची गाडी आली नाही. शेवटी त्यांनी एकट्या कनिष्ठेलाच उंबऱ्यातून आत आणलं. दुसरा चौरंग रिकामा राहिला आणि त्याच्यासमोरही त्यांनी रांगोळी काढली.

"नाही येत तो," खुशालराव म्हणाले. "मले माहीत होतं. मले चिखलात लोळवाचं होतं, लोळवलं."

पदराने दुर्गाबाईंनी रिकाम्या चौरंगावरची न पडलेली धूळ पुसली. ते पाहिल्यावर खुशालरावांना घरात बसवेना आणि ते तडक चौकीवर गेले.

शालिकराम त्यांना पाहून उठून उभे राहिले. हे लक्षण बरं नव्हतं.

"जुडी," खुशालराव म्हणाले.

"असं झालं," शालिकराम म्हणाले, "का चौकीच्या शिपायाची एक शेळी आहे."

खुशालरावांनी डोळे मिटून घेतले.

"लाखेसकट?" त्यांनी विचारलं.

"लाखेसकट. सुतळीही नाही राह्यली." शालिकरामांनी कागद पुढे सरकवला. "आता साहेब येतीन तं माल कुठी आहे म्हणून पुसतीन. तुमी इथी सही करा, माल परत भेटला म्हणून. मी सुटलो, तुमीही सुटले."

अपमान खुशालरावांनी बरेच गिळले होते. पण न पाहिलेल्या मालावर त्यांनी जन्मात सही केली नव्हती. "मी माल पाह्यल्याशिवाय सही करत नाही," ते छाती काढून म्हणाले.

"पाहा ना मंग," शालिकराम अजिजीने म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. खुंट्याशी एक गुबगुबीत शेळी डोळे अर्धवट मिटून रवंथ करत उभी होती. "माल तिथंच आहे."

खुशालरावांनी सही केली नाही. ते रिकाम्या हाताने, पण ताठ मानेने परतले. वाटेत त्यांना सात जणांनी भाव विचारला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी घरात पंधरा भाज्या रटरटत होत्या. खुशालराव सोवळं नेसून ओट्यावर उभे होते आणि पाहुण्यांचे चेहरे बघत होते. शिवाय न बोलावलेली माणसंही गल्लीत उभी होती. कोणी जोड्यातला काटा काढत होतं, कोणी भिंतीला टेकून आभाळ पाहत होतं. पंजाबराव सगळ्यांत पुढे होते.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी बैलांचे घुंगरू वाजले आणि गाडी आत वळली. गाडीवर चंद्रभानजी, मागे मांडीवर ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन बसलेल्या जमनाबाई, आणि त्यांच्या मागे घोंगडीखाली झाकलेला उंचच उंच ढीग.

"वाटेत आख मोडला जी," जमनाबाई उतरता उतरता म्हणाल्या. "भातकुलीले दोन दिवस पडून होतो."

खुशालराव पुढे झाले. चंद्रभानजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते बायकोला म्हणाले, "जमना, त्याले सांग, गाडीले हात नको लावू म्हणा."

"वैनी, त्यायले सांगा, मी कोणाच्या गाडीले हात लावत नाही," खुशालराव म्हणाले. पण त्यांच्या नाकाला आंबटसर वास आला होता. घोंगडीच्या काठाशी एक लालसर देठ बाहेर डोकावत होतं. "वैनी. गाडीत काय आहे?"

"अंबाडी," जमनाबाई म्हणाल्या. "भातकुलीची आख्खी रांग घेतली यायनं. म्हणे अमरावतीचा कोणी मोठा पारखी गुपचूप घेऊन राह्यला. भाव चढनार आहे म्हणे."

गल्ली एक पाऊल पुढे सरकली.

"तो पारखी मी आहो," खुशालराव म्हणाले.

"तू?" चंद्रभानजी म्हणाले. अडीच वर्षांतला हा पहिला शब्द. तो तोंडातून गेल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं, पण आता उशीर झाला होता. "मंग किती चढन?"

"काहीच नाही चढत! मले भाजीले पाह्यजे होती. एक जुडी!"

"भाजीले सहा कोस कोणी जाते का?"

"तुमीच म्हटलं होतं! अंबाडी नसली तं पानावरून उठीन म्हणून!"

"मी?" चंद्रभानजींचा चेहरा कोरा झाला. "म्या कवा म्हटलं? मले तं जमनानं सांगतलं, खुशाल मायसारखी अंबाडीची भाजी करवून राह्यला, तुमाले बोलावलं. म्हणून आलो."

दोघे भाऊ वळले. जमनाबाई ज्येष्ठेच्या मुखवट्यावरची धूळ फार काळजीपूर्वक पुसत होत्या. दुर्गाबाईंना चुलीवर काहीतरी लागल्याची आठवण झाली होती आणि त्या आत निघाल्या होत्या. अकरा वर्षं लोकांच्या बोजांत हात घालणाऱ्या खुशालरावांना आपल्या घरातून अडीच वर्षं कासारणीमार्फत काय काय जात-येत होतं, याचा एकदाही संशय आला नव्हता.

पण विचार करायला वेळ नव्हता. गर्दीतून नत्थुजी धापा टाकत पुढे आला. तो गाडीच्या मागोमाग भातकुलीहून चालत आला होता. "माही अंबाडी परत द्या! मले फसवलं! हा आधी येऊन गेला, मंग त्याचा भाऊ आला!"

"दोघे सामील आहेत!" पंजाबराव ओरडले. "एक जण बातमी पसरवते, दुसरा माल भरते. मी शेजारी राहतो, मी वळखतो याले. लबाड आहे हा खुशालराव, पयलेपासून लबाड!"

"कोण लबाड?" चंद्रभानजींनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण बैलांनीसुद्धा माना वळवल्या.

"हा तुमचा भाऊ."

चंद्रभानजी गाडीवरून उतरले. "माह्या भावाले लबाड म्हणाचा हक्क माहा आहे," ते म्हणाले. "अडीच वर्षं म्हणून राह्यलो, पण घरात म्हटलं. तू कोण रे? सख्ख्या भावाच्या दोन गाड्या यानं भरबाजारातून परत धाडल्या. लबाडी करता आली असती याले, तं तवा केली असती!"

खुशालरावांनी पुढे होऊन बैलांचा कासरा हातात घेतला.

चंद्रभानजींनी एका हिसक्यात घोंगडी ओढली. "जमना! चूल मांडा. इथी, गल्लीत. सारी शिजवा. एकही काडी ठेवू नका."

आणि मग अमरावतीच्या त्या गल्लीने जे पाहिलं ते ती बरेच दिवस विसरली नाही. तीन दगडांवर लग्नातला हंडा चढला. दुर्गाबाई आणि जमनाबाई पदर खोचून बसल्या आणि जुडीमागून जुडी विळीखाली जाऊ लागली. प्रत्येक जुडी हंड्यात पडली की गर्दीतून हुंदक्यासारखा आवाज यायचा. उद्याचं सोनं शिजून काळपट हिरवं होताना माणसं डोळ्यांनी पाहत होती. अर्धा ढीग संपला तेव्हा मागची माणसं निघून गेली, कारण खरोखर मोलाची वस्तू कोणी अशी फुकट शिजवत नाही, हे हळूहळू त्यांना पटलं. नत्थुजी मात्र पुढे येऊन उकिडवा बसला, थोडा वेळ बघत राहिला आणि मग न राहवून म्हणाला, "जून पानं नको घालू वं माय, चिवट होते." आणि तो स्वतःच पानं निवडायला लागला.

"देठं!" पंजाबराव एकदम ओरडले. "दोर तं देठांचा होते!" त्यांनी टाकलेल्या देठांची मोळी बांधली आणि काखेत मारून घर गाठलं. पुढे आठवडाभर त्यांच्या परसातून कुजल्याचा वास येत होता. त्यातून त्यांच्या विहिरीच्या पोहऱ्यापुरता एक दोर झाला, आणि तो त्यांनी कोणाला दाखवला नाही.

ज्येष्ठा एक दिवस उशिरा का होईना, रिकाम्या चौरंगावर बहिणीच्या शेजारी बसली. दुर्गाबाईंनी दोघींच्या पुढे सोळा वाट्या मांडल्या आणि बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. त्या काय म्हणाल्या ते कोणाला ऐकू आलं नाही. मग पंगत बसली. भाऊ शेजारी शेजारी बसले, कारण दुसरीकडे जागाच ठेवली नव्हती.

चंद्रभानजींनी पहिला घास अंबाडीचा घेतला, चावला, आणि खाली पाहत म्हणाले, "मायच्या भाजीत कण्या जाड राहत."

"हाव," खुशालराव म्हणाले. "गूळही थोडा कमी पडला."

"कमीच पडला."

आतून दोन्ही जावा हे ऐकत होत्या. आपल्या भाजीची ही निंदा ऐकून त्या एकमेकींचा हात धरून हसल्या. चंद्रभानजींनी भाजी चार वेळा घेतली. गल्लीने उरलेली दोन दिवस खाल्ली, आणि चौकीवर शालिकरामांकडेही एक गडूभर गेली. ती त्यांनी नोंद न करता घेतली.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांची पाठवणी झाली. दोन्ही मुखवटे एकाच कापडात गुंडाळून दुर्गाबाईंनी पेटीत ठेवले, आणि पुढल्या वर्षी पेटी अकोल्याला जाणार असं जावांनी ठरवून टाकलं. भावांना कोणी विचारलं नाही. बैल जुंपले गेले. जमनाबाई आत निरोप घेत होत्या. गाडीशी दोघेच भाऊ उरले.

चंद्रभानजी जुवाची दोरी पुन्हा पुन्हा सोडून बांधत होते.

"खुशाल," ते म्हणाले. "तो कापूस."

"जाऊ द्या दादा."

"नाही, ऐक." दोरी पुन्हा सुटली. "ओला होता. म्याच पाणी मारलं होतं. साऱ्यायनं मारलं होतं त्या साली, म्हणून म्याही मारलं. वाटलं, भाऊ आहे, हात वरवर फिरवन."

हे वाक्य ऐकायला खुशालराव अडीच वर्षं थांबले होते. हे ऐकलं की आपण काय बोलायचं, तेही त्यांनी अनेकदा मनात घोळवून ठेवलं होतं. समोर दादा उभा होता. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, हे त्यांना आत्ता दिसलं.

"नाही दादा," ते म्हणाले. "वाटेत पाऊस लागला असंन."

"माघात?"

"अवकाळी."

चंद्रभानजींनी त्यांच्याकडे बराच वेळ, अतिशय संशयाने पाहिलं. मग ते गाडीवर चढले, बाजूला सरकले आणि म्हणाले, "बस. वेशीपर्यंत चाल माह्यासंगं."